कॅनडात ट्रक चालवून पहिल्या वर्षी हातात किती पडतं

तुझा निरोप दोनदा वाचला. तू आठ वर्षं ट्रेलर चालवतोयस, कॅनडात यायचं ठरवतोयस, आणि एजंट सांगतोय की पहिल्या महिन्यापासून ६ हजार डॉलर कुठे गेले नाहीत. तुला माझ्याकडून खरा आकडा हवाय. शिवाय बायको आणि चार वर्षांची मुलगी लगेच सोबत आणू की मागाहून, हेही विचारलंस. सगळं सविस्तर लिहितो, जरा वेळ काढून वाच. मी ओंटारिओत राहतो, टोरांटोच्या पश्चिमेला, त्यामुळे जे सांगतोय ते मुख्यतः इथलं. दुसऱ्या प्रांतात नियमांत थोडा फरक पडेल.

आधी आकडा. पहिल्या वर्षी कपात होण्याआधी महिन्याला ४ ते साडेचार हजार डॉलर आणि हातात ३२०० ते ३५०० एवढंच धरून चाल. ६ हजारांचे महिने येतात, मलाही आले, पण ते दोन-तीन वर्षांनी, चांगल्या कंपनीत, आणि त्यातही वर्षातले काही महिने. पहिल्या दिवसापासून ६ हजार मिळतील असं जो म्हणतो, तो एकतर कपातीआधीचा सगळ्यात चांगला महिना सांगतोय किंवा ज्या पद्धतीत कपातच होत नाही त्या पद्धतीचा आकडा सांगतोय. त्या दुसऱ्या पद्धतीबद्दल पुढे लिहिलंय. ते नीट वाच, कारण माझी पहिली दीड वर्षं तिथेच गेली.

लांब पल्ल्याच्या कामात पैसे माइलवर मिळतात. देश किलोमीटरवर चालतो, पाट्यांवर किलोमीटर, ट्रकच्या काट्यावर किलोमीटर, पण पगार माइलवर. आमच्याकडे आत्ता लागणाऱ्या नव्या मुलांना माइलला ५४ सेंट देतात. माझ्या ओळखीच्या बाकी कंपन्यांत ५० ते ५८ च्या मधे कुठेतरी. हे माइल तू प्रत्यक्ष चालवलेले नसतात. कंपनीचं सॉफ्टवेअर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंत जेवढं अंतर दाखवतं तेवढेच धरतात. वळसा पडला, रस्ता बंद म्हणून मागे फिरलास, ट्रक लावायला जागा शोधत २० किलोमीटर गेलास, त्याचे पैसे नाहीत. म्हणून मुलाखतीत रेट विचारशील तेव्हा त्याबरोबर तीन गोष्टी विचार: माइल कसे मोजता, आठवड्याला सरासरी किती माइल देता, आणि गोदामावर थांबलो तर तासाला किती. रेट ६० सेंट आणि आठवड्याला १५०० माइल यापेक्षा ५२ सेंट आणि २६०० माइल कितीतरी बरे.

माझी २०२२ सालच्या फेब्रुवारीतली एक पगाराची पावती समोर आहे, तिचाच हिशेब देतो. तेव्हा माझा रेट ५२ सेंट होता. टोरांटोजवळून माल घेऊन विनिपेग, तिथून दुसरा माल घेऊन परत. दोन्ही बाजू मिळून २६२० माइल, म्हणजे १३६२ डॉलर. दोन ठिकाणी माल उतरवल्याचे प्रत्येकी २५. विनिपेगला गोदामावर पाच तास थांबलो, त्यातले पहिले दोन तास फुकटात जातात, पुढच्या तीन तासांचे १८ प्रमाणे ५४. एकूण १४६६ डॉलर. कर, पेन्शनचा हप्ता आणि बेरोजगारी विम्याचा हप्ता जाऊन हातात ११०० च्या आसपास. आता यात तास किती गेले ते बघ. स्टिअरिंगवर ४७, आणि ट्रक तपासणं, माल भरणं, डिझेल, थांबणं मिळून १२. एकूण ५९ तास. तासाला पावणेपंचवीस डॉलर पडले. चांगला आठवडा होता तो, म्हणून आठवणीत आहे.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात वावा नावाच्या गावाच्या अलीकडे हायवे १७ बर्फाने बंद झाला. दीड दिवस मी एका पेट्रोल पंपाच्या आवारात इतर चाळीसेक ट्रकांबरोबर उभा होतो. त्या आठवड्यात १४०० माइल झाले. उत्तर ओंटारिओचा नकाशा एकदा उघडून बघ म्हणजे कळेल. टोरांटोकडून पश्चिमेला जायला ११ आणि १७ असे दोनच मोठे रस्ते, बराचसा भाग दोन पदरी, आणि निपिगॉनला ते दोन्ही एकाच पुलावर येऊन मिळतात. २०१६ च्या जानेवारीत त्या नव्याकोऱ्या पुलाचा भाग वर उचलला गेला आणि कॅनडाच्या आतून पूर्व-पश्चिम जायचा रस्ताच तुटला होता. जुने ड्रायव्हर अजून त्याबद्दल बोलतात. अशा वेळी थांबल्याचे पैसे देणाऱ्या कंपन्या आहेत, न देणाऱ्याही आहेत. करारात 'लेओव्हर' हा शब्द शोधायचा. नसेल तर रस्ता बंद म्हणजे कमाई बंद.

म्हणून महिन्याचा अंदाज बांधताना चार सारखे आठवडे धरू नकोस. दोन चांगले, एक बरा आणि एक वाईट असं धर. माझ्या २०२१ च्या टी-४ वर, म्हणजे मालक वर्षाअखेरीस देतो त्या पगाराच्या दाखल्यावर, ४८,६०० डॉलर होते. हातात ३८ हजारांच्या आसपास आले.

थांबण्याच्या पैशांबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण नव्या माणसाचे पैसे इथेच बुडतात. पहिल्या हिवाळ्यात मी विनिपेगच्या एका गोदामावर पहाटे पावणेपाचला पोचलो. उणे ३१ तापमान. केबिनमधून उतरून खिडकीपाशी गेलो, आतल्या बाईंनी कागद घेतले, दार क्रमांक सांगितला आणि खिडकी लावून घेतली. माल उतरून निघायला साडेअकरा वाजले. डिस्पॅचला, म्हणजे फेऱ्या ठरवणाऱ्या ऑफिसला, तास कळवले तर तिकडून प्रश्न आला, मालाच्या बिलावर आल्याची वेळ लिहून सही घेतलीस का? नव्हती घेतली. एक डॉलर मिळाला नाही. तेव्हापासून खिशात दोन पेनं ठेवतो, कारण एवढ्या थंडीत एक गोठतंच. आणि खिडकीपाशी पहिलं वाक्य हेच असतं की कृपया आल्याची वेळ लिहून सही द्या. निघतानाही तेच. फोनमध्ये फोटो काढून लगेच पाठवतो. ईएलडी, म्हणजे ट्रकमधलं तासांची नोंद ठेवणारं यंत्र, तू उभा होतास हे दाखवतं. पण गोदामवाल्यांमुळे उभा होतास हे फक्त ती सही दाखवते.

तासांची मर्यादाही समजून घे, कारण कमाईचं छत तिथेच आहे. कॅनडात दिवसाला जास्तीत जास्त १३ तास गाडी चालवता येते आणि १४ तास ड्युटी. सात दिवसांत ७० तास झाले की सलग ३६ तास विश्रांती घेतल्याशिवाय मोजणी परत शून्यावर येत नाही. अमेरिकेत गेलास की ११ तास चालवणं, तेही ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत. इकडे जून २०२१ पासून ईएलडीचा नियम लागू झाला आणि जानेवारी २०२३ पासून त्यावर दंड सुरू झाले. वहीत तास कमी-जास्त लिहायचे दिवस संपले. 'आमच्याकडे तासांचं टेन्शन नाही' असं कोणी मालक म्हणाला तर तिथून उठ. लायसन्स तुझं आहे, त्याचं नाही.

शहरातल्या आणि जवळपासच्या कामाला तासावर पैसे मिळतात. नव्याला साधारण २२ ते २६ डॉलर. रात्री घरी येतोस, तास मोजून मिळतात, आणि बर्फाने रस्ता अडला तरी घड्याळ चालू असतं. तुझी मुलगी लहान आहे म्हणून मी तुला हेच काम आधी शोध म्हणेन. अडचण एवढीच की अनुभव नसलेल्याला ते सहज मिळत नाही. माल घ्यायच्या चिंचोळ्या आवारात ५३ फुटी ट्रेलर मागे घेणं हे शहरातल्या कामात दिवसातून आठ वेळा करावं लागतं, आणि नव्या हाताला तिथेच धक्के लागतात. लांब पल्ल्याच्या कामात तेच दोन दिवसांतून एकदा.

या देशात तुझी आठ वर्षं मोजली जातील असं समजू नकोस. हे वाचून तुला वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं. पण इन्शुरन्स कंपनी इथल्या ट्रकवरचा अनुभव विचारते, बहुतेक ठिकाणी दोन ते तीन वर्षं. मालक चांगला असला, तुझं ड्रायव्हिंग त्याला पसंत पडलं, तरी इन्शुरन्सवाले नाही म्हणाले की विषय संपतो. म्हणून पहिली नोकरी मिळवणं हेच सगळ्यात अवघड आहे, आणि याच अडलेपणाचा फायदा घेणारे लोक यार्डाच्या फाटकावर उभे असतात.

आता माझी ती दीड वर्षं. मी २०१८ मध्ये इथे आलो, २०१९ च्या उन्हाळ्यात ट्रकचं लायसन्स मिळालं. सात ठिकाणी नकार ऐकला. आठव्या ठिकाणी मालक म्हणाले, उद्यापासून ये, पण आधी इन्कॉर्पोरेट हो. म्हणजे स्वतःच्या नावाने एक कंपनी काढायची, तिच्या नावाने दर पंधरवड्याला बिल द्यायचं, आणि ते तुझ्या कंपनीला चेक देणार. कर नाही, कपात नाही, सगळेच्या सगळे पैसे हातात. मी तेव्हा कर्जात होतो. ट्रक त्यांचा, ट्रेलर त्यांचा, डिझेल त्यांचं, कुठे कधी जायचं ते तेच सांगणार, मग मी कसला व्यावसायिक, हे मनात आलं होतं. तरी सही केली.

बारा महिन्यांत खात्यात ५१ हजारांच्या वर आले. घरी फोन करून सांगितलं, आईला आनंद झाला. मग वर्ष संपल्यावर हिशेबनीस गृहस्थांनी कागद समोर ठेवला. पेन्शनचा हप्ता नोकरदार अर्धा भरतो आणि मालक अर्धा. इथे दोन्ही अर्धे माझेच, म्हणजे १० टक्क्यांच्या वर. कंपनीचा कर वेगळा, आणि करखात्याच्या दृष्टीने ही खरी कंपनी नाही, कंपनीच्या कपड्यातला नोकरदार आहे, म्हणून लहान धंद्याला मिळणारी सूटही नाही. सगळं धरून १२ हजारांच्या वर भरले. उरले ३९ हजार. म्हणजे नंतर टी-४ वर मिळाले त्यापेक्षा जेमतेम हजार जास्त. आणि त्या हजारासाठी काय गमावलं ते सांगतो. २०२० च्या फेब्रुवारीत ट्रेलरच्या मागच्या पायरीवर बर्फ होता, पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. नोकरदाराला कामावर लागलं तर भरपाई मिळते, आजारपणात विमा मिळतो. मला काहीही मिळालं नाही, कारण कागदावर मी मालक होतो. शेवटच्या दोन बिलांचे पैसेही त्यांनी 'ट्रकचं नुकसान' या नावाखाली ठेवून घेतले. कुठलं नुकसान, ते आजतागायत दाखवलं नाही.

या पद्धतीला इथे 'ड्रायव्हर इंक' म्हणतात. प्रांताबाहेर माल नेणाऱ्या कंपन्यांना केंद्राचा कामगार कायदा लागतो, आणि त्या कायद्याखाली नोकरदाराला असं खोटंच स्वतंत्र ठेकेदार दाखवायला जानेवारी २०२१ पासून सरळ मनाई आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर तर तू नोकरदारच आहेस असं धरून चालतात. नाहीस हे मालकाने सिद्ध करायचं. तरीही चालू आहे. तुला सांगतील की सगळेच करतात, तुझा फायदाच आहे. स्वतःचा ट्रक घेऊन, स्वतःचं डिझेल टाकून चालवणारा माणूस खरा ठेकेदार, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दुसऱ्याच्या ट्रकचं चाक हातात असताना इन्कॉर्पोरेट होऊ नकोस. आठवड्याला शंभर डॉलर कमी मिळाले तरी चालतील, टी-४ देणारी नोकरी घे.

टी-४ वर असलास की पगाराबरोबर काय येतं, तेही कमाईतच धर. केंद्राच्या कायद्याखाली पहिलं वर्ष भरलं की दोन आठवडे रजा आणि पगाराच्या ४ टक्के रजावेतन. आजारपणाच्या भरपगारी रजा, वर्षाला १० पर्यंत; हे डिसेंबर २०२२ पासून आलं. वर्षाला १० सुट्ट्यांचा पगार. लांब पल्ल्याला आठवड्यात ६० तासांपुढे ओव्हरटाइम, शहरातल्या कामाला ४५ तासांपुढे. तासाला किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये १७.७५ डॉलर झालं, आणि किमान वेतन माइलवाल्यालाही लागू आहे. आठवड्याचे तास आणि पैसे यांचा भागाकार स्वतः करत जा. एखाद्या वाईट आठवड्यात आकडा चालू किमान वेतनाच्या खाली गेला तर विचारायचा तुला हक्क आहे. पगार अडकला तर केंद्राच्या कामगार खात्याकडे तक्रार करता येते, पण सहा महिन्यांच्या आत. मला ही मुदत माहीत झाली तेव्हा ती उलटून गेली होती.

एक फॉर्म आहे टीएल-२ नावाचा. आमच्यातल्या कितीतरी जणांना तो वर्षानुवर्षं माहीतच नसतो. मालकाच्या ज्या यार्डात कामाला हजर होतोस तिथून १६० किलोमीटरच्या पलीकडे, किमान सलग २४ तासांच्या फेरीवर असलास तर रस्त्यावरच्या जेवणाचा खर्च करातून वजा करता येतो. पावत्या सांभाळायच्या नसतील तर एका जेवणाचे २३ डॉलर, दिवसाला तीन जेवणं, आणि त्याच्या ८० टक्के. फेऱ्यांची नोंद मात्र तारखांसकट वहीत ठेवावी लागते आणि फॉर्मवर मालकाची सही लागते. मला पहिल्यांदा भरला तेव्हा २ हजारांच्या वर परतावा मिळाला. इन्कॉर्पोरेट असताना ही सही करायला मालकच नव्हता.

आता खर्चाची बाजू, कारण कमाई सुरू होण्याआधीच खिसा रिकामा होतो. ओंटारिओत मोठ्या ट्रकचं लायसन्स एझेड. त्यातला झेड म्हणजे एअर ब्रेकचा. आधी गाडीचं पूर्ण 'जी' लायसन्स लागतं. भारतातून निघताना आरटीओकडून तुझ्या लायसन्सच्या तारखांचं पत्र घेऊन ठेव, त्या आधारे 'जी'ची वाट पाहण्याचा काळ वाचतो. हे पत्र इथे आल्यावर मिळवणं फार त्रासाचं होतं. मग वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि सक्तीचं प्रशिक्षण, ओंटारिओत किमान १०३.५ तास. हा नियम इथे जुलै २०१७ पासून आहे. अल्बर्टा, सॅस्कॅचेवान आणि मॅनिटोबात तो २०१९ मध्ये आला. मला शाळेचे ७ हजार डॉलर पडले, आता जास्त धर. ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिलीस तर लायसन्सवर तशी मर्यादा पडते, जुलै २०२२ पासून. तुला गिअरची सवय आहे तर मॅन्युअलवरच दे.

शाळा निवडताना फक्त फी बघू नकोस. ६ एप्रिल २०१८ ला सॅस्कॅचेवानमध्ये हम्बोल्टच्या हॉकी संघाची बस आणि एक ट्रक यांची धडक झाली. १६ जण गेले, १३ जखमी झाले. बरीचशी १६ ते २१ वर्षांची मुलं. ट्रक चालवणारा आपल्याच देशातून आलेला तरुण होता, एकट्याने ट्रक घेऊन जायला नुकताच लागला होता, आणि थांबायची पाटी त्याच्याकडून सुटली. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. मी त्याच वर्षी इथे आलो, आणि शाळेत आमच्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी काही न शिकवता फक्त ही घटना सांगितली होती. म्हणून सांगतो, जी कंपनी तुला चार-सहा आठवडे अनुभवी माणसाबरोबर बसवते ती घे. त्या काळात पैसे कमी मिळतील, काही कंपन्या दिवसाला ठरावीक रक्कम देतात. ते चालेल. पण अजिबातच पैसे न देता 'ट्रेनिंग' म्हणून राबवून घेणं बेकायदा आहे, तिथे थांबू नकोस.

दोघांनी मिळून चालवायच्या टीमच्या कामाबद्दल तू ऐकलं असशील. एक झोपतो, दुसरा चालवतो, ट्रक थांबत नाही, माइल जास्त होतात आणि दोघांत वाटले जातात. पैसे दिसायला चांगले. चालत्या ट्रकमध्ये मागच्या बंकवर झोप लागते की नाही हे तुलाच बघावं लागेल. मला महिनाभर लागली नाही आणि मी सोडलं. फ्लॅटबेडला, म्हणजे उघड्या सपाट ट्रेलरला, ताडपत्री बांधायचे वेगळे पैसे मिळतात, पण हिवाळ्यात ती ताडपत्री पत्र्यासारखी कडक होते, पहिल्या हिवाळ्यात नको. रीफर, म्हणजे थंड ठेवणारा ट्रेलर, किंवा साध्या बंद ट्रेलरवर सुरुवात कर.

अमेरिकेच्या फेऱ्यांवर पहिल्या वर्षाचा हिशेब बांधू नकोस. माइल चांगले मिळतात, रस्ते रुंद आहेत, हे खरं. पण भारतीय पासपोर्टवर जायचं तर बी-१ व्हिसा लागतो आणि त्याची वाट पाहावी लागते. जून २०२५ पासून तिकडे रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी समजत-बोलता येत नसेल तर ट्रक जागीच थांबवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी ट्रकचालकांचे कामाचे व्हिसा देणंही थांबवलं. आतापासून रोज अर्धा तास इंग्रजी बोलायचा सराव कर. व्याकरण राहू दे. पोलिसाने विचारलं की माल काय आहे, कुठून निघालास, ब्रेक कधी तपासलेस, तर न अडखळता सांगता आलं पाहिजे. इकडच्या यार्डात काम पंजाबीवर चालतं, ती तू सहा महिन्यांत शिकशील. मला सगळ्यात आधी रस्त्यावर चाकांना बर्फासाठीच्या साखळ्या चढवायला शिकवणारे एक पंजाबी काका होते, स्वतःचा ट्रक बाजूला घेऊन उणे २० मध्ये अर्धा तास माझ्यासाठी थांबले.

एजंटाचा विषय. तो नोकरीचं पत्र मिळवून देतो म्हणतोय आणि त्यासाठी मोठी रक्कम मागतोय. परदेशी माणूस घेण्यासाठी मालकाला एलएमआयए ही परवानगी काढावी लागते, तिची फी एका जागेला १ हजार डॉलर, आणि ती मालकानेच भरायची असते. तुझ्याकडून ती वसूल करणं बेकायदा आहे. नोकरीसाठी पैसे मागणं हाच गुन्हा. पैसे देऊन आलेले दोन जण माझ्या ओळखीचे आहेत. पत्र खरं निघालं, नोकरीही निघाली, पण पगारातून दर महिन्याला रोख परत मागायला लागले. कामाचं परमिट त्या एकाच मालकाशी बांधलेलं, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. त्यात सप्टेंबर २०२४ पासून, जिथे बेरोजगारी ६ टक्के किंवा त्याहून जास्त आहे अशा मोठ्या शहरी भागांत कमी पगाराच्या बहुतेक जागांसाठी हे अर्ज घेणंच बंद केलंय, हे तुझ्या एजंटाने सांगितलं का ते विचार. ट्रकचालकाचं काम नोव्हेंबर २०२२ पासून एक्स्प्रेस एंट्रीच्या, म्हणजे गुणांवर कायमचं वास्तव्य मिळायच्या सरकारी पद्धतीच्या, कामांत मोजलं जातं. तुझा इंग्रजीचा निकाल आणि शिक्षण बघून आधी त्या वाटेने गुण किती होतात ते स्वतः सरकारी संकेतस्थळावर मोज. त्याला पैसे लागत नाहीत.

राहिला बायको-मुलीचा प्रश्न. मी तुझ्या जागी असतो तर पहिले आठ-दहा महिने एकटा आलो असतो. इकडे ब्रॅम्प्टनमध्ये एक खोली ७०० ते ९०० डॉलरला मिळते, कुटुंबासाठी तळघरातलं दोन खोल्यांचं घर १८०० च्या पुढे. हातात येणाऱ्या ३३०० मधून १८०० भाडं गेलं, गाडी आणि तिचा इन्शुरन्स गेला, की उरतं ते लांब पल्ल्यावर असलेल्या माणसाच्या घरी पुरत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तू आठवड्यातून दीड दिवस घरी असशील. नवा देश, बाहेर बर्फ, ओळखीचं कोणी नाही आणि लहान मूल घेऊन ती एकटी, हे माझ्या बायकोने एक हिवाळा काढलंय. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. पण मार्चमध्ये एका शनिवारी मी घरी आलो तेव्हा मुलगा मला बघून तिच्या मागे लपला होता.

त्यांना बोलवायची वेळ कशी ओळखायची तर तुझ्या हातात सलग सहा महिन्यांच्या टी-४ वाल्या पगाराच्या पावत्या असतील आणि शहरातल्या कामासाठी एखादी कंपनी फोन उचलू लागली असेल तेव्हा. ऑफर लेटर आलं की सही करायच्या आधी मला फोटो पाठव. मी फेरीवर असलो तर रात्री ट्रक लावल्यावर बघतो. तुझ्याकडे तेव्हा सकाळ असेल.